पुस्तकाच्या पिशव्या

श्रावण निम्मा सरला तरी पाऊस हटायचं नाव घेईना. अंबादास रोज सकाळी नाक्यावर जाई. तिथं गवंडी, बिगारी, रंगारी सगळे प्लास्टिकं डोक्यावर घेऊन एकमेकांची तोंडं बघत उभे असत. पावसात घर कोण बांधतंय? दुपारच्या आत तो शिव्या देत टेकडी चढून परत येई. त्याचं घमेलं आता घरातच गळक्या पत्र्याखाली पाणी झेलत बसलं होतं, आणि तेवढंच एक काय ते कामावर होतं.

घाटकोपरच्या त्या टेकडीवर पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात अशी कितीतरी घरं होती. पुरुष घरात बसलेले आणि बायका कशाबशा चूल पेटती ठेवणाऱ्या. अंबादासचं घर त्याच्या बायकोच्या, द्रौपदीच्या पिशव्यांवर चाललं होतं. खालच्या रद्दीवाल्याकडून गोणी भरून कागद आणायचा, हॅक्सॉच्या जुन्या पात्यानं कापायचा, फर्म्यावर दुमडायचा, मैद्याची खळ लावून चिकटवायचा आणि चंद्रप्रकाशशेठच्या किराणा दुकानात नेऊन द्यायचा. वर्तमानपत्राच्या मोठ्या पिशव्या साखर-तांदळाला. जुन्या वह्या-पुस्तकांच्या लहान पिशव्या जिरं, मोहरी, चहापत्तीला. किराणाच्या पिशव्या म्हणून खळीत विषारी मोरचूद घालता येत नसे, त्यामुळे झुरळांना मात्र घर भारी आवडे.

पावसात पिशवी वाळत नाही, ही खरी गोम. ओली पिशवी शेठ घेत नाही. द्रौपदी घरभर दोऱ्या बांधून पिशव्या टाके, त्याखालून सगळ्यांनी वाकून जायचं. अंबादास उंच, त्याच्या डोक्याला रोज दोनचार पिशव्या चिकटत. वैतागून तो म्हणे, "ह्या घरात माणसानं ऱ्हावं का कागदानं?"

"कागदामुळंच माणूस ऱ्हायलंय," द्रौपदी म्हणे. खळीनं तिची बोटं पांढरी पडून सोलली होती, नखांच्या कडा मऊ झाल्या होत्या. रात्री भाकरी थापताना त्यांना पीठ झोंबे.

त्यांची लता म्युनिसिपालटीच्या शाळेत सातवीत होती. शाळेतून आली की दुमडायला बसे. हात चांगला होता पोरीचा, पण डोळे वाईट. दुमडता दुमडता ती थांबे, कागद उलटा करी, मान वाकडी करून काहीतरी वाचत राही.

"काय वाचू लागलीस? हात चालव, हात."

"आई, ह्यात एका माणसानं बायकोला विहिरीत ढकललंय गं."

"मंग तू काय काढणार हायेस का तिला? दुमड."

लता दुमडी. विहिरीतल्या बाईचं पुढं काय झालं ते कधी कळत नसे. पुढचा कागद कुठल्यातरी भलत्याच वर्तमानपत्राचा असे. अर्धवट बातम्या आणि अर्धवट गोष्टी यांनी त्या पोरीचं डोकं भरलेलं होतं, आणि याचं द्रौपदीला काही वाटत नव्हतं. वाटावं तरी का? तिला स्वतःला अक्षर ओळखू येत नव्हतं. तिच्या लेखी कागद दोनच प्रकारचा, जाड आणि पातळ.

त्या वर्षी मुलुंडहून शुभाताई यायला लागल्या. बँकेत होत्या. रविवारी सकाळी खांद्याला दोन पिशव्या लावून, साडीचा घोळ चिखलातून वर धरून त्या टेकडी चढत आणि बुद्धविहारात पोरं गोळा करून पुस्तकं वाटत. पोरं त्याला लायब्ररी म्हणत. विहाराच्या कमिटीचे धोंडिराम कांबळे पहिल्यापासून राजी नव्हते. गोदीत काम करून म्हातारा झालेला माणूस. विहाराची चावी करगोट्याला बांधून फिरे.

"बाई, पोरं दंगा करत्यात," ते म्हणाले होते. "पुस्तकं फाटणार, हरवणार, मग तुम्ही आमाला बोल लावणार. आमच्या वस्तीला आधीच कोण बोलायचं बाकी हाय? पयल्या तक्रारीला मी कुलूप लावणार, सांगून ठेवतो."

शुभाताईंनी हसून मान डोलावली. त्यांचा नियम एकच होता. पुस्तक घरी न्यायचं, पुढच्या रविवारी आणायचं आणि आणताना त्यातली गोष्ट सगळ्यांना उभं राहून सांगायची. पोरं आधी लाजली. मग अशी चटावली की गोष्ट सांगायला मारामाऱ्या होऊ लागल्या.

लताला त्या आठवड्यात शेळीचं पुस्तक मिळालं. एका धनगराच्या पोरीची शेळी पुरात वाहून जाते आणि पोरगी नदीकाठानं तिला शोधत निघते. पुस्तक जुनं होतं, पण चांगलं जाड, आत चित्रं. लता ते उशाशी घेऊन झोपे. पुस्तक एकदम संपू नये म्हणून थोडं थोडं वाचे. चतकोर भाकरी पुरवून पुरवून खावी तसं.

बुधवारी रात्री पत्रा नव्या जागी गळायला लागला, नेमका तिच्या उशाशी. घरात कोरडी जागा एकच होती. चुलीवरच्या फळीवर, मेणकापडात गुंडाळलेली रद्दीची गोणी. कागद भिजला तर पोटावर पाय येई, म्हणून घरातली सगळ्यात चांगली जागा कागदाला दिलेली होती. लतानं मेणकापड सोडलं, पुस्तक गोणीत अगदी वर ठेवलं, पुन्हा घट्ट बांधलं आणि निर्धास्त झोपली. सकाळी शाळेला उशीर झाला, आणि ती तशीच पळाली.

गुरुवारी चंद्रप्रकाशशेठचा माणूस येऊन सांगून गेला की लहान पिशव्या हव्यात, लगेच. द्रौपदीनं गोणी खाली घेतली. वरच जाड कागदाचं पुस्तक. तिला बरंच वाटलं. असा कागद पातळ खळ पीत नाही, पिशवी ताठ उभी राहते. तिनं पुठ्ठा काढला, शिवण कापली. मधून जोडलेले ताव सुटे झाले. एका तावाची एक पिशवी. पोरांना निजवून बाई जशी कामाला बसते तशी ती निवांत बसली आणि दुपारपर्यंत अख्खं पुस्तक संपवलं. तव्याची ऊब देऊन पिशव्या वाळवल्या. बाकीच्या पिशव्यांबरोबर गठ्ठा बांधला आणि अंबादास तो दुकानात देऊन आला.

लता आली, दप्तर टाकलं आणि चुलीवरच्या फळीकडं हात नेला. गोणी निम्मी झाली होती.

"आई, माझं पुस्तक?"

"कोंचं?"

लताचं लक्ष खळीच्या डब्याकडं गेलं. डब्याखाली पुठ्ठा होता. त्यावर नदी होती, आणि नदीत शेळी.

पोरगी ओरडली नाही, तिथंच फतकल मारून बसली आणि पुठ्ठ्यावरची खळ बोटानं खरवडू लागली. "हे लायब्ररीचं होतं," ती म्हणाली. "आई, तू काय केलंस गं."

द्रौपदीला आधी कळेना. कळलं तेव्हा तिनं ओरडून घेतलं, कारण ओरडण्याशिवाय तिच्याकडं काही नव्हतं. "गोणीत कशापायी ठिवलंस? रद्दीत ठिवल्यालं मला काय म्हाईत? माज्या डोळ्याला समदं सारखंच दिसतंय!"

"भिजू नये म्हणून ठेवलं," लता म्हणाली.

 पोरीनं बरोबर केलं होतं. आईनंही बरोबरच केलं होतं. दोन बरोबर गोष्टींनी मिळून अशी वाट लावली होती.

रात्री लता जेवली नाही. "आता धोंडिरामबाबा कुलूप लावणार," एवढंच म्हणाली. "सगळी पोरं म्हणणार, लतामुळं गेलं."

द्रौपदी भाकरी टोपलीत झाकून ठेवत होती. तिचा हात टोपलीवरच राहिला. लोक तिला अडाणी म्हणत, त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं, अडाणीच होती ती. पण त्या रात्री वाटलं. फार वाटलं.

सकाळी तिनं लताला शाळेत पाठवलं नाही. हात धरून दुकानात घेऊन गेली.

चंद्रप्रकाशशेठ उदबत्ती लावत होता. माणूस वाईट नव्हता, पण दुकानदार होता. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "अरे बाई, आलेला माल परत कसा देऊ? गिऱ्हाइकाला जिरं काय हातात देऊ?"

"तेवढ्याच दुसऱ्या करून देती, शेठ. आज सांजच्याला."

"आधी आण, मग ने." मग दुकानात उभ्या असलेल्या बायकांकडं बघून तो हसला. "वाचता येत नाही, तर घरात किताब ठेवायची कशाला? बोला!"

बायकाही हसल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. द्रौपदीनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि लताला म्हणाली, "चल."

त्या दिवशी अंबादासही कामाला बसला. फावडं धरलेले हात ते, त्याच्या पहिल्या पिशव्यांना तळच नव्हता. द्रौपदी त्या गुपचूप उलगडून पुन्हा चिकटवत राहिली. बाहेर सरी पडत होत्या. आत तिघं दोऱ्यांखाली वाकून बसले होते, कुणी कुणाकडं बघत नव्हतं, आणि तरी त्या घरात बऱ्याच दिवसांनी एकत्र काम चाललं होतं.

संध्याकाळी बदली पिशव्या शेठच्या पुढ्यात ठेवल्या. त्यानं एकेक फुंकून बघितली. मग गठ्ठा पुढं सरकवून म्हणाला, "घ्या शोधून. पायरीवर बसा, गिऱ्हाइकाच्या वाटेत नको." त्या दोघी पायरीवर बसल्या. वरून पागोळ्या मानेवर गळत होत्या. लता पिशवीवरची ओळ वाचून म्हणे, "ही." आणि द्रौपदी ती पोटाशी पदरात घेई.

काही सापडल्या. बाकीच्या सामानाबरोबर वस्तीत पसरल्या होत्या.

शेजारची जानकी मालवणची. तिनं आदल्या संध्याकाळीच जिरं आणलं होतं. द्रौपदी दारात उभी राहून पुटपुटत मागू लागली, तशी जानकी म्हणाली, "अगो, ता तुझा असा होय? माझ्या झिलान काल वाचून दाखवल्यान. एका बाजूक शेळी वाहून गेली, आणि दुसऱ्या बाजूक ती पोर देवळात बसून रडता. मधी काय झाला ता काय कळाक नाय. माका मेलो रात्रभर तोच घोर."

जोडलेल्या तावाचं हे असंच असतं. एका पिशवीवर पुढचं पान आणि कितीतरी मागचं पान. ज्याच्या घरी पिशवी गेली त्याच्या घरी गोष्टीचे दोन तुकडे गेले आणि मधला खड्डा. लतानं लायब्ररीतल्या पोरांना हाक घातली. पोरं छत्रीशिवाय गल्ल्यागल्ल्यांतून फिरली. कुणाच्या मोहरीची पिशवी, कुणाच्या हळदीची. एका म्हातारीनं तंबाखू ठेवली होती. "पयलं सांग, पोरीला शेळी घावली का," असं विचारल्याशिवाय ती पिशवी देईना. लतालाच ते ठाऊक नव्हतं. शेवट तिनं राखून ठेवला होता.

शनिवारी त्यांनी परातीत पाणी घेऊन पिशव्या भिजवल्या. खळ सुटली, कागद उलगडले. अंबादास एकेक ताव तव्यावर पापडासारखा उलटापालटा करी. लता ताव क्रमानं लावून घेई आणि द्रौपदी दाभणानं शिवण घाली. कागद सुरकुतले होते, हळदीचे आणि जिऱ्याचे डाग होते. एक ताव काही केल्या मिळाला नाही. तो सगळ्यात बाहेरचा, त्यावर पहिलं पान होतं आणि शेवटचं; पहिलं लताला पाठ होतं. कुणाच्या तरी स्टोव्हची काजळी पुसून फेकला गेला असेल.

"मी येती उद्या," द्रौपदी म्हणाली.

"तू कशाला? मी सांगीन ना."

"मी केलंय, तर मीच सांगती."

रविवारी विहारात पोरांची गर्दी होती. बातमी लपत नाही. दारात धोंडिराम चावी हातात घेऊन उभे होते. द्रौपदीनं "जयभीम" घातला, आत गेली आणि शुभाताईंच्या पुढ्यात ते पुस्तक ठेवलं. 

"बाई, पोरीची चूक न्हाई. मी फाडलं. मला अक्षर वळखू येत न्हाई. मला रद्दी वाटली."

शुभाताईंनी पुस्तक उघडलं. हळदीचा वास आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि भल्या मनानं त्या म्हणाल्या, "अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. काही बिघडलं नाही. आमच्या सोसायटीत लोकांनी रद्दीत काढलेलीच पुस्तकं ही. त्यातली चांगली उचलून आणते मी. हे नाहीतरी रद्दीतच जाणार होतं."

 पोरांनी आपापल्या हातातल्या पुस्तकांकडं बघितलं.

"रद्दी व्हय," द्रौपदी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मंग मी बी चुकले न्हाई म्हणा की. रद्दीच फाडली."  "न्हाई बाई. माजी पोरगी त्ये उशाला घिऊन झोपती. समद्या वस्तीनं आपल्या घरातनं काढून दिलंय त्ये. आता त्याला रद्दी म्हणू नका."

शुभाताईंचा चेहरा लाल झाला. "चुकलं माझं," त्या हळू म्हणाल्या. "खरंच चुकलं."

धोंडिराम खाकरले. "ते समदं ठीक. पर मी पयल्यांदाच बोललो हुतो. पयल्या तक्रारीला कुलूप. लोक दुकानात हसले, मी ऐकलंय." त्यांनी चावी वर धरली. "आमच्या बाईमाणसाला हसतील असलं काम इथं नको."

 मग एका पोरानं विचारलं, "पण बाबा, लताची गोष्ट राहिली ना? आणलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची असते."

"सांगू दे," धोंडिराम म्हणाले. "सांग. मग लावू."

लता उभी राहिली.  मग नदी आली, पूर आला, शेळी गेली. धनगराची पोरगी काठानं चालली. ओळखीपाळखीच्या घरांतून आलेले तुकडे एकाला एक लागत गेले. देवळात ती का रडत होती ते कळलं, तेव्हा दारात ऐकायला थांबलेली जानकी "तरीच!" म्हणाली. द्रौपदी भिंतीला टेकून ऐकत होती. हे सगळं तिच्या हाताखालून गेलं होतं, खळ लावून, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. तिला रडू यायला लागलं. तिनं ते येऊ दिलं.

"...आणि पलीकडच्या काठावर तिला शेळीचं ओरडणं ऐकू आलं," लता म्हणाली. "अंधार पडत होता. तिनं पाण्यात पाय घातला." ती थांबली. "पुढचं पान सापडलं नाही."

पोरांनी एकच गिल्ला केला. मेली का ती? शेळी मिळाली का? त्या गलक्यावर दारातून एक जाड आवाज आला.

"मंग? फुडं?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. धोंडिराम चौकट सोडून आत आले होते. आपण विचारलं हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग ते शुभाताईंकडं वळले. "बाई, तुमी सांगा. ती पोर बुडती का तरती?"

शुभाताईंनी मान खाली घातली. "मी वाचलेलं नाही ते पुस्तक, बाबा."

"वाचल्याबिगर पोरांना देता व्हय?"

"यापुढं वाचूनच आणीन. दुसरी प्रतही शोधते. पुढच्या रविवारपर्यंत मिळवते कुठूनतरी."

धोंडिरामांनी चावीकडं बघितलं. "म्हंजे फुडल्या ऐतवारी उघडाया लागंल," ते कुरकुरले आणि चावी पुन्हा करगोट्याला बांधली. "आन् हे बघा, गोष्ट सांगायच्या टायमाला मला बोलवा."

पोरं हसली. घरी येताना लतानं आईचा हात धरला होता. 

सोमवारी अंबादासनं नवी गोणी आणली. दुपारी लता शाळेतून आल्यावर दोघी कामाला बसल्या. द्रौपदीनं पहिलाच कागद उचलला, पातं लावलं आणि थांबली. कागद लतापुढं धरला.

"बघ. ह्यात काय हाय?"

"बाजारभाव. फाड."

दुसरा धरला. "निवडणुकीचं आहे. फाड."

असं करत काम निम्म्या वेगानं चाललं. शेठचा माणूस संध्याकाळी येणार होता, दोरीवर मोजक्या पिशव्या होत्या आणि घरात पीठ संपत आलं होतं. हे पोरीलाही दिसत होतं. मग एका जुन्या मासिकाचा ताव निघाला. लतानं तो हातात घेतला. तिचे डोळे ओळींवरून खाली गेले, मग वर आले, पुन्हा खाली गेले. तिनं पान उलटं केलं. पाठीमागं बघितलं. मग आईच्या सोललेल्या बोटांकडं बघितलं.

"काही नाही यात," ती म्हणाली. "फाड."

द्रौपदीला अक्षर येत नव्हतं. पण काही नसलेला कागद बघायला पोरीला किती वेळ लागतो, हे आता तिला ठाऊक झालं होतं. तिनं पातं बाजूला ठेवलं, तो ताव सरळ केला, स्वतःच्या मांडीखाली सरकवला आणि गोणीतला दुसरा कागद ओढला.

"हात चालव," ती म्हणाली.